८५ टक्क्यांचा उंबरठा

हवेतली सापेक्ष आर्द्रता ८४ टक्के असेल तर साखरेचा स्वच्छ दाणा जिथे ठेवाल तिथे कोरडा ठणठणीत पडून राहतो. ती ८६ झाली की तोच दाणा हवेतलं पाणी ओढायला लागतो. आधी ओलसर होतो, मग त्याच्या कडा झिजतात आणि पुरेसा वेळ मिळाला तर स्वतःच केलेल्या पाकात विरघळून तो नाहीसा होतो. कुणी पाणी शिंपडलेलं नसतं, भांडं ओलं नसतं. साधारण २५ अंश सेल्सिअसला साखरेचा हा उंबरठा ८५ टक्क्यांच्या आसपास असतो. अलीकडे सुकं, पलीकडे पाक.

आता भोर तालुक्यातल्या हिर्डोशी गावाचा पावसाळा आठवा. भोरहून वरंधा घाटाकडे निघालेला रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याला धरून आत आत जातो, तसा पाऊसही वाढत जातो. भोर तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत शेतकरी ढगाकडे बघत असतो, तेव्हा या हिरडस मावळात भातखाचरं तुडुंब भरलेली असतात. आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते, मीठ पाणावतं, काड्यापेटीतली काडी पेटत नाही. साखरेचा तो उंबरठा इथली हवा जुलैमध्ये एकदा ओलांडते ती बरेच दिवस अलीकडे येतच नाही. अशा गावात कुणी घरच्या ओट्यावर फॉन्डंटचा केक सजवायला बसलं, तर तिच्यासमोर खरं आव्हान नक्षीचं नसतं, हवेचं असतं.

फॉन्डंट म्हणजे केकवर चढवायचं साखरेचं लाटता येणारं आवरण. गुळगुळीत, मऊ, घड्या न पडता केकवर बसलेलं, हव्या त्या रंगाचं. त्याचीच फुलं, बाहुल्या, ट्रॅक्टर, बैलजोडी, छत्रपतींचा जिरेटोप, काय हवं ते घडवतात. कृती ऐकायला सोपी आहे. अर्धा किलो आयसिंग शुगर, तीन मोठे चमचे पाण्यात फुलवून विरघळवलेलं जिलेटिन, थोडं लिक्विड ग्लुकोज, चमचाभर ग्लिसरीन, हाताला लावायला वनस्पती तूप. मळा आणि लाटा. पण या गोळ्यात किती पाणी आहे, हे मोजून पाहिलं की चक्रावायला होतं. अख्ख्या गोळ्याच्या वजनात पाणी जेमतेम दहावा हिस्सा. बाकी बहुतेक सगळी साखर. म्हणजे जवळजवळ कोरड्या साखरेचा ढीग आपण पोळीसारखा लाटतो आणि तो फाटत नाही!

तो का फाटत नाही, ते समजून घेण्यासारखं आहे. साखर पाण्यात विरघळते ती भरपूर: खोलीच्या तापमानाला एक ग्रॅम पाणी साधारण दोन ग्रॅम साखर पोटात घेतं. फॉन्डंटमधलं पाणी इतकं थोडं की त्यात साखरेचा लहानसा वाटाच विरघळतो आणि त्याचा दाट पाक होतो. उरलेली साखर अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तशीच राहते आणि तो पाक या कणांच्या मधल्या फटींत पसरतो. कण एकमेकांवरून घसरतात ते या पाकाच्या पातळ थरावरून. जिभेला साधारण २० ते २५ मायक्रॉनपेक्षा मोठा कण रवाळ लागतो, त्याहून बारीक असेल तर जीभ फसते आणि ‘मऊ’ म्हणते. म्हणून घरच्या मिक्सरवर दळलेल्या पिठीसाखरेचा फॉन्डंट दाताखाली कचकचतो. पिठीसाखर आपल्या बोटांना कितीही बारीक वाटली तरी जिभेचं माप वेगळं आहे.

ग्लुकोज कशासाठी? पाकातली साखर पुन्हा दाणे धरू पाहते. साखरेचे रेणू एकावर एक नेमके बसले की स्फटिक वाढतो. ग्लुकोजचा रेणू त्या रचनेत बसत नाही, तो मधे येतो आणि स्फटिक मोठा होऊ देत नाही. गुलाबजामाचा पाक साखरेवर येऊ नये म्हणून आपण लिंबू पिळतो, त्यामागे हेच आहे. लिंबाच्या आंबटपणाने थोडी साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ग्लिसरीनचं काम पाणी धरून ठेवण्याचं. जिलेटिनचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंतून जाळं विणतात आणि सगळा गोळा एकजीव राहतो.

जिलेटिन प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून होतं, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक घरांत ते चालत नाही. त्याऐवजी चायना ग्रास, गोंद कतीरा किंवा सीएमसी वापरतात. यातला सीएमसी म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, कापूस किंवा लाकडातल्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून केलेली पावडर. पाव किलो फॉन्डंटमध्ये एक छोटा चमचा मळला की गोळा ताठर होतो, त्याची पाकळी कागदाइतकी पातळ लाटता येते आणि वाळल्यावर टणक राहते. पाकळीची कड बोटाने दाबून पातळ केली तर तिच्यातून उजेड दिसतो. ज्या सुती कपड्याने आपण ओटा पुसतो त्याच्याच गोतातला धागा या साखरेच्या गुलाबाला उभं धरतो, हे मला फार गमतीचं वाटतं.

या साखरकामाचं मूळ बरंच जुनं आहे. ह्यू प्लॅट नावाच्या इंग्रज गृहस्थाने १६०२ च्या सुमारास बायकांसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात साखरेच्या ताठर लगद्यातून ससे, कबुतरं आणि इतर छोटे पशुपक्षी साच्यात घडवायची कृती आहे. आज यूट्यूब बघून ससा करणारी मुलगी चारशे वर्षांपूर्वीचाच ससा करत असते. पण त्या पुस्तकातली दुसरी एक गोष्ट मराठी माणसाला जास्त चकित करील. बियांवर साखरेचा पाक थोडा थोडा चढवून दाणे करायची कृतीही त्यात आहे, गुळगुळीत दाण्यांची आणि खडबडीत, काटेरी दाण्यांची वेगळी.

म्हणजे आपला हलवा!

संक्रांतीच्या आधी परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन, खाली मंद आच ठेवून, पाकाचे थेंब टाकत तासन्‌तास बोटांनी हलवत राहायचं. थेंब दाण्याला लागतो, पाणी उडतं, साखर राहते. पुढचा थेंब आधी उंचवट्याला भेटतो, म्हणून उंचवटा अजून उंच होतो. हळूहळू काटा येतो. ‘थंडी पडली की हलव्याला काटा छान येतो,’ असं करणाऱ्या बायका सांगतात. त्यात नुसता अनुभव नाही, पदार्थविज्ञान आहे. पौषातली हवा कोरडी असते, थेंबातलं पाणी झटकन निघून जातं आणि साखरेला पसरायला, गुळगुळीत व्हायला सवड मिळत नाही. पुढे त्याच हलव्याचे दागिने होतात: हार, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी, नथ. नव्या सुनेची पहिली संक्रांत आणि बाळाचं बोरन्हाण त्यांनीच सजतं. काळ्या चंद्रकळेवर पांढरा हलवा उठून दिसतो. साखरेचा दागिना अंगावर घालून मिरवणाऱ्या समाजाला फॉन्डंटचं फूल परकं वाटायचं काही कारण नाही.

आणि इथेच मला आपल्या वर्षाच्या मांडणीचं नवल वाटतं. कोरडं साखरकाम कधी येतं, बघा. पौषात हलवा. फाल्गुन-चैत्रात होळी आणि गुढीपाडव्याच्या साखरगाठी. पाऊस सुरू झाला की मात्र ताटात येतात ते ओले, त्याच दिवशी संपवायचे पदार्थ: नागपंचमीचे पुरणाचे दिंड, नारळी पौर्णिमेचा नारळीभात, गणपतीचे उकडीचे मोदक, गौरीची पुरणपोळी. हे काही कुणी आर्द्रता मोजून ठरवलेलं नाही, सणांची कारणं वेगळी आहेत. पण जे पदार्थ त्या त्या सणाला चिकटले ते त्या हवेत टिकणारे किंवा त्या हवेत टिकायची गरज नसलेले होते. बत्तासे बारा महिने मिळतात म्हणा, पण वाणी त्यांच्या बरणीचं झाकण श्रावणात किती घट्ट लावतो तेही बघा. वाढदिवस मात्र पंचांग पाहून येत नाही. ज्याचा जन्म २० जुलैचा, त्याला फॉन्डंटचा केक २० जुलैलाच हवा असतो.

मग त्या दिवशी काय होतं? दहा बाय दहाचं, दहा फूट उंचीचं स्वयंपाकघर घ्या. २५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर त्या खोलीच्या नुसत्या हवेत अर्ध्या लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तरंगत असतं. ओट्यावरचा फॉन्डंट त्यातलं पाणी घ्यायला उत्सुक. आणि त्याचा उंबरठा साखरेच्या ८५ पेक्षाही खाली असतो. कारण एक विलक्षण नियम असा, की दोन प्रकारच्या साखरा एकत्र आल्या की मिश्रणाचा उंबरठा त्या दोघींच्याही स्वतंत्र उंबरठ्यांहून खाली उतरतो. फॉन्डंटमध्ये साखरेबरोबर ग्लुकोज असतं, वर पाणी धरणारं ग्लिसरीन. जे दोन घटक त्याला मऊ ठेवतात तेच पावसाळ्यात त्याला दगा देतात. पृष्ठभागाने दहा ग्रॅम पाणी ओढलं तर वीस ग्रॅम साखर विरघळू शकते. आवरण चकाकायला लागतं, बोट लावलं की ठसा उमटतो, बाहुलीची मान कलते, रंग ओघळतो. एका शब्दात, फॉन्डंट सादळतो.

एप्रिलच्या दुपारी तोच गोळा उलटा रुसतो. हवा पंचवीस टक्क्यांवर, पंखा डोक्यावर. लाटलेल्या पोळीवरून पाणी पाच-सात मिनिटांत उडतं, वरचा थर कडक होतो आणि आतला मऊच राहतो. अशी पोळी केकवर टाकून कडेवरून वळवली की वाकण्याच्या जागी बारीक बारीक भेगांचं जाळं उमटतं. बेकर मंडळी त्याला हत्तीची कातडी म्हणतात. अनुभवी हात पंखा बंद करतो, उरलेला गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळतो, लाटण्याखाली कॉर्नफ्लोअर कमीत कमी भुरभुरवतो, कारण कॉर्नफ्लोअरही पाणी शोषतं. आणि भेग दिसलीच तर तुपाचं बोट फिरवून ती बुजवतो. पोळी वरून खाली अशीच बसवायची: आधी माथा, मग कड, मग बाजू. कडेला पोळीचं सगळं वजन लोंबत असतं, तिथे ती ताणून पातळ होते आणि फाटते ती तिथेच. पोळी तीन-चार मिलिमीटरपेक्षा पातळ का लाटत नाहीत, ते अशा वेळी कळतं.

बाहेरच्या हवेइतकाच शत्रू केकच्या आत असतो. आपल्याकडचा नेहमीचा केक व्हिप्ड क्रीमचा. क्रीम म्हणजे पाणी आणि स्निग्धांश यांचा हवा भरून फुगवलेला फेस, त्यात पाणी मुबलक. त्यावर फॉन्डंट ठेवला की तो खालून पाणी पितो आणि काही तासांत पाझरायला लागतो. म्हणून पूर्ण फॉन्डंटच्या केकला आतून गनाशचा लेप देतात: एक भाग क्रीमला डार्क चॉकलेट दोन भाग, व्हाइट चॉकलेट असेल तर तीन. कोको बटर घट्ट झालं की पाणी चॉकलेटच्या कैदेत राहतं आणि फॉन्डंटला टेकायला सपाट, टणक भिंत मिळते. क्रीमचाच केक हवा असेल तर मधला मार्ग म्हणजे फक्त वरची बाहुली आणि फुलं फॉन्डंटची करायची आणि ती कापायच्या थोडं आधी ठेवायची. घरगुती बेकर बहुतेक वेळा हेच करतात, आणि माझ्या मते शहाणपण त्यातच आहे.

फ्रिजबद्दलचा घोळ तर घरोघरी चालतो. फ्रिजमधून पाच अंशांचा केक काढला आणि तो २५ अंश, ९० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवला. अशा हवेचा दवबिंदू २३ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे केकचा पृष्ठभाग २३ अंशांवर येईपर्यंत त्याच्यावर दव साचत राहणार, थंड पाण्याच्या तांब्यावर साचतं तसंच. उन्हाळ्याच्या दुपारी, ३५ अंश आणि २५ टक्के आर्द्रतेला, हाच दवबिंदू १२ अंशांपर्यंत खाली येतो. त्यामुळे मे महिन्यात थोडा वेळ घामेजून केक सावरतो, जुलैमध्ये मात्र भिजून जातो. उपाय साधा आहे. केक जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करून मगच फ्रिजमध्ये ठेवायचा, आणि बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत खोकं उघडायचं नाही. दव साचायचं ते खोक्यावर साचू दे. घरातल्या सगळ्यांना आत काय आहे ते बघायचं असतं, तेव्हा खोक्यावर हात ठेवून बसावं लागतं ते वेगळं.

रंगांचं आणखी वेगळं नाटक. भारतात खाद्यपदार्थांत वापरायला आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, दुकानातल्या बाटल्यांतल्या शेकडो छटा बव्हंशी त्यांच्याच मिश्रणाच्या. त्यातले काही लाल-गुलाबी रंग उजेडाला फार हळवे असतात. गुलाबी आणि निळा मिसळून केलेली जांभळी जास्वंद खिडकीत ठेवली तर तिच्यातला गुलाबी आधी उडतो आणि संध्याकाळपर्यंत हाती निळी जास्वंद येते. गडद रंगांचं याच्या उलट: काळा किंवा लाल फॉन्डंट मळल्याबरोबर फिका दिसतो आणि रात्रभर झाकून ठेवला की गडद होतो. म्हणून रंग आदल्या दिवशी मळायचे आणि फुलं सावलीत ठेवायची.

साखरेच्या कामात पुण्याचं नाव जगात गेलं ते फॉन्डंटमुळे नाही, त्याच्या कडक बहिणीमुळे, रॉयल आयसिंगमुळे. आयसिंग शुगर आणि अंड्याचा पांढरा बलक फेटून केलेलं हे मिश्रण बारीक नळीतून काढतात आणि वाळलं की ते काचेसारखं कडक होतं. त्यात ग्लिसरीन सहसा नसतंच, मऊ राहायची त्याची इच्छाच नसते. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी ही कला इंग्लंडमध्ये एडी स्पेन्स यांच्याकडे शिकून घेतली आणि अंड्याशिवायचं रॉयल आयसिंग वापरून मिलानच्या कॅथेड्रलची १०० किलोची प्रतिकृती उभी केली. लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सने तिची नोंद घेतली. कमानी, मनोरे, जाळ्या, सगळं साखरेचं. पुण्यातला कोरडा हिवाळा आणि उन्हाळा अशा कामाला मानवतो. तीच जाळी घाटमाथ्यावर श्रावणात उघडी ठेवली तर तिचं काय होईल, ते आता सांगायला नको.

तरीही हिर्डोशीसारख्या गावात फॉन्डंटचा सराव करायचाच असेल तर वाट आहे, आणि ती आपल्या आज्यांनी घालून दिलेली आहे. पापड, कुरडया, सांडगे आपण पावसाळ्यात करत नाही. चैत्र-वैशाखात वाळवण घालतो आणि पावसाळ्यात तळतो. सीएमसी मळलेल्या फॉन्डंटची फुलं, पानं, अक्षरं, बाहुल्या यांचंही तसंच वाळवण होतं, फक्त उन्हात नाही, सावलीत. नीट वाळलेलं फूल हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आणि उजेडापासून दूर ठेवलं तर महिनोन्‌महिने टिकतं. पुड्या फुलांना चिकटू देऊ नयेत, आणि त्या खायच्या नाहीत हे घरातल्या पोरांना आधीच सांगून ठेवावं. एप्रिलमध्ये हात बसवायला भरपूर वेळ असतो, चुकलेलं फूल पुन्हा मळता येतं आणि हवा साथ देते. जुलैमध्ये ऑर्डर आली की केक ताजा करायचा आणि डबा उघडून फुलं काढायची. सोबत भिंतीवर एक डिजिटल आर्द्रतामापक टांगावा, काहीशे रुपयांत येतो. आकडा सत्तरच्या वर दिसला की पूर्ण फॉन्डंटचा हट्ट सोडून द्यावा.

शेवटचं सांगणं केक मागवणाऱ्यांना. पावसाळ्यात घरगुती बेकरला मोबाइलवर केकचा फोटो दाखवाल, तेव्हा त्याआधी दोन गोष्टी सांगा: केक कुठून कुठे, कुठल्या रस्त्याने आणि किती वेळ जाणार आहे, आणि तो कापेपर्यंत कुठल्या हवेत उभा राहणार आहे. भोरहून घाटाकडे निघालेला केक मोटारसायकलवर मांडीवर धरून नेणार असाल तर दोन मजल्यांचा मागू नका. आणि ती म्हणाली, ‘ताई, या महिन्यात क्रीमचाच करू, वरची फुलं फॉन्डंटची देते,’ तर ती काम टाळते आहे असं समजू नका, तिचं ऐका.